दामले कुठे आहेत?

एम.ए.च्या वर्गाला विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवताना एक अनुभव मला दरवर्षी येतो. लीला बेणारेवर खेळाखेळात सुरू झालेला खटला जसजसा खरा होत जातो तसतसा वर्ग अस्वस्थ होतो. सुखात्मे कोणत्या सुरात प्रश्न विचारतो, काशीकर मातृत्वाच्या पावित्र्यावर कसे बोलतात, सामंतसारखा भोळा माणूसही हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष कशी देऊन बसतो, हे सारे मुले-मुली नेमके टिपतात. उत्तरपत्रिकांत ‘पुरुषप्रधान समाजाचा दांभिकपणा’ हे शब्द हमखास येतात. मग मी एकच प्रश्न विचारते : या सगळ्यात प्रा. दामले कुठे आहेत? वर्ग गप्प होतो. दामले संपूर्ण नाटकात रंगमंचावर येत नाहीत. त्यांचे नाव येते, त्यांच्या विद्वत्तेचा उल्लेख येतो, ते स्वतः येत नाहीत. खटला चालतो तो जी समोर आहे तिच्यावर. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातली ही अनुपस्थिती मला आजही त्यातला सर्वांत बोलका भाग वाटते.

२०१८ च्या ऑक्टोबरात असाच एक तास संपला आणि मुले व्हरांड्यात रेंगाळली. विषय निघाला त्या दिवसांत सगळीकडे निघत होता तोच. बेणारेबद्दल वर्गात सर्वांत चांगले बोललेला मुलगा मला म्हणाला, “मॅडम, पण हिला आत्ताच कसं आठवलं? दहा वर्षं काय करत होती?” मी त्याच्याकडे पाहत राहिले. सुखात्म्याचा सूर त्याने पाच मिनिटांपूर्वी अचूक ओळखला होता, आणि आता तो त्याच सुरात बोलत होता. याचे त्याला भानही नव्हते. मुलगा वाईट नव्हता. तो चाहता होता.

हा लेख त्या चाहत्याविषयी आहे. एखाद्या कलावंतावर लैंगिक छळाचा आरोप होतो तेव्हा तो खरा की खोटा, हे ठरवण्याचे साधन माझ्याजवळ नाही आणि तसा माझा दावाही नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, आरोप कानावर पडल्यापासून चाहत्याचे मत बनेपर्यंत मध्ये काय घडते? माझे म्हणणे असे की मध्ये काहीच घडत नाही; मत आधीच तयार असते. आणि ते झाकण्यासाठी चाहता ज्या युक्त्या वापरतो, त्या त्याला आम्ही, साहित्य शिकवणाऱ्यांनी, पुरवलेल्या आहेत.

ज्या प्रकरणावरून आमचे ते बोलणे झाले त्यातल्या नोंदलेल्या गोष्टी अशा. तनुश्री दत्ता हिने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जाहीरपणे सांगितले की, २००८ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ या चित्रपटातील गाण्याच्या चित्रीकरणात नाना पाटेकर यांनी आपल्याशी गैरवर्तन केले. पाटेकरांनी आरोप फेटाळला आणि तिला कायदेशीर नोटीस पाठवली. तिने पोलिसांत तक्रार नोंदवली. २०१९ च्या जूनमध्ये पोलिसांनी पुरावा मिळाला नसल्याचे सांगून प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. २०२५ च्या मार्चमध्ये अंधेरीच्या न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर दखल घेण्यास नकार दिला. तक्रार कायद्याने ठरवलेल्या कालमर्यादेनंतर आली होती. म्हणजे आरोप सिद्ध झालेला नाही, आणि पाटेकर कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहेत. हे स्वच्छ सांगून पुढे जाते.

आता याच नोंदींतली आणखी एक गोष्ट. “दहा वर्षं गप्प का?” हा प्रश्न विचारणाऱ्या कोणालाही ती जुन्या बातम्यांतून सहज सापडली असती. ती गप्प नव्हती. २००८ मध्येच तिने कलावंतांच्या संघटनेकडे, म्हणजे ‘सिंटा’कडे, तक्रार केली होती. २०१८ मध्ये त्या संघटनेनेच मान्य केले की लैंगिक छळाच्या मूळ तक्रारीचा तेव्हा विचारच झाला नाही, आणि त्याबद्दल खेद व्यक्त केला. तिच्या मोटारीवर जमाव तुटून पडल्याची त्या वेळची चित्रफीतही पुन्हा सर्वत्र फिरली. यावरून आरोप सिद्ध होत नाही. पण ‘दहा वर्षे गप्प’ हे विधान मात्र खोटे ठरते. ती बोलली होती. ऐकले गेले नव्हते. न ऐकणाऱ्यांनी पुढे तिलाच न बोलल्याचा जाब विचारावा, याला काय म्हणायचे? आणि एखादी स्त्री खरोखरच गप्प राहिली असती, तरी तिचा बोलण्याचा हक्क संपत नाही. प्रिया रमाणी यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना निर्दोष सोडताना, स्त्री आपली तक्रार कित्येक दशकांनंतरही मांडू शकते, असे सांगितलेच आहे.

मराठी चाहत्याचा दुसरा मुद्दा अधिक मराठी होता : ज्याने दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी एवढे केले, तो असे करील का? पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये ‘नाम फाउंडेशन’ स्थापन केले. त्याचे काम मोठे आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. परंतु दातृत्व हा एका गोष्टीचा पुरावा आहे, दातृत्वाचा. मराठवाड्यात कोणाच्या शिवारात पाणी आले यावरून मुंबईतल्या एका चित्रीकरणाच्या दिवशी काय घडले किंवा घडले नाही, हे कसे ठरावे? समजा आरोप पूर्ण खोटा आहे. तरी तो खोटा असल्याचे कारण हे नव्हे. आपल्याकडे पुण्य साठवता येते आणि अडचणीच्या वेळी त्यातून उचल करता येते, अशी एक जुनी समजूत आहे. चाहत्याने ती उचल परस्पर करून टाकली. कलावंताने ती मागितलीही नव्हती.

तिसरा मुद्दा आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. “नाना तोंडावर खरं बोलणारा माणूस आहे,” असे अनेकांनी मला ठामपणे सांगितले. त्यांतल्या एकाचीही त्यांच्याशी ओळख नव्हती. मग हे कुठून कळले? ‘प्रहार’मधून, ‘क्रांतिवीर’मधून. पडद्यावरचा करारी माणूस आणि पडद्याबाहेरचा माणूस एकच, असे चाहत्याने गृहीत धरले. ठीक. मग हाच नियम जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ला लावू या. त्या नाटकात याच नटाने गुलाबरावाची भूमिका केली होती, एका शिक्षिकेवर बलात्कार करणाऱ्या सत्ताधाऱ्याची. ती इतकी प्रभावी होती की जुने प्रेक्षक आजही तिची आठवण काढतात. तिच्यावरून नटाविषयी अनुमान काढावे असे कोणाही शहाण्या माणसाला वाटले नाही, आणि वाटायला नकोच. गुलाबराव ही भूमिका होती. पण मग ‘क्रांतिवीर’मधला प्रतापही भूमिकाच होता! उज्ज्वल भूमिका म्हणजे चारित्र्याचा दाखला आणि काळी भूमिका म्हणजे अभिनयाचे कौशल्य, असा दुटप्पी हिशेब चाहता मांडतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

येथे आम्ही अध्यापक येतो. विम्सट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला साहित्यकृतीच्या मूल्यमापनातून बाजूला काढले; रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. आपल्याकडे मर्ढेकरांनी साहित्यकृतीच्या सौंदर्याचा विचार तिच्या अंतर्गत रचनेच्या आधारे करण्याचा आग्रह धरला. हे सगळे आम्ही मंगळवारी शिकवतो. बुधवारी त्याच वर्गात आम्ही कवीच्या जीवनाची करुण कहाणी सांगतो, त्याची दारिद्र्यातली निष्ठा सांगतो, आणि कवितेत ते सारे ‘उतरले आहे’ असे म्हणतो. दोन्ही दृष्टिकोन आपापल्या जागी वैध आहेत. परंतु कोणता केव्हा वापरायचा याची शिस्त आम्ही शिकवत नाही. विद्यार्थी त्यातून सोयीचा नियम उचलतो : कौतुकाची वेळ आली की माणूस आणि कृती एक, चौकशीची वेळ आली की माणूस वेगळा, कृती वेगळी. आरोप झाला की एका रात्रीत सगळे बार्थवादी होतात. पुरस्कार मिळाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा चरित्रकार.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. संहितेचे सूक्ष्म वाचन आम्ही शिकवतो : शब्दांची निवड पाहा, सूर पाहा, विसंगती शोधा, कथकावर सहजी विश्वास ठेवू नका. चाहता हे सर्व करतो, पण एकाच संहितेवर. तक्रारदार स्त्रीचे निवेदन तो शब्दशः तपासतो. पहिल्या मुलाखतीत ‘धरले’ म्हणाली होती, दुसऱ्या मुलाखतीत ‘ओढले’ कसे? बोलताना हसली का? रडली नाही का? रडलीच तर अभिनेत्रीच ती, अभिनय करणारच! कलावंताचे निवेदन मात्र तो वाचत नाही, स्वीकारतो. तिथे कथक विश्वसनीय ठरलेलाच असतो. एका संहितेची चिरफाड आणि दुसरीचे पारायण, याला वाचन म्हणता येणार नाही.

आपला मराठी चाहता निदान विस्कळीत आहे. व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत तो आपले मत सांगतो आणि विसरतो. संघटित चाहता काय करू शकतो हे पाहायचे असेल तर केरळकडे पाहावे लागते. तिथे नटांच्या चाहत्यांच्या रीतसर संघटना आहेत. त्या पहिल्या दिवशीचा पहिला खेळ साजरा करतात, समाजकार्यही करतात. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी कोचीजवळ एका आघाडीच्या अभिनेत्रीचे अपहरण करून धावत्या मोटारीत तिच्यावर अत्याचार करण्यात आला. त्या प्रकरणात कटाच्या आरोपाखाली १० जुलै रोजी नट दिलीप यांना अटक झाली. ते तुरुंगात असतानाच, २८ सप्टेंबरला, त्यांचा ‘रामलीला’ प्रदर्शित झाला आणि जोरात चालला. चित्रपट शेकडो लोकांच्या कष्टांचा असतो, त्यांनी का भोगावे, हा युक्तिवाद रास्त आहे. मी तो मान्य करते. पण ३ ऑक्टोबरला जामीन मिळाला तेव्हा आलुव्याच्या तुरुंगाबाहेर चाहत्यांचा जो जल्लोष झाला, त्यात कोणाच्या कष्टांचा प्रश्न होता? जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे शाळकरी मुलालाही कळते. तो जल्लोष ती अभिनेत्रीही कुठेतरी पाहत असेल, एवढा विचार त्या गर्दीतल्या एकाच्या तरी मनात आला असेल का?

त्याच वर्षीच्या डिसेंबरची गोष्ट समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. तिरुवनंतपुरमच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अभिनेत्री पार्वती यांनी मम्मूट्टी यांच्या ‘कसबा’ या २०१६ च्या चित्रपटातील स्त्रीविषयक संवादांवर टीका केली. इथे कोणावर छळाचा आरोप नव्हता. एका मोठ्या नटाने अशा दृश्याला प्रतिष्ठा देऊ नये, असे चित्रपट-समीक्षेतले साधे मत होते. त्यावर त्यांना बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांना अटक करावी लागली, आणि त्यांच्या पुढच्या चित्रपटाच्या गाण्यावर नापसंतीचा सामूहिक मारा झाला. आपल्या वतीने बोलायला आपण कोणाला नेमलेले नाही, असे मम्मूट्टी यांना सांगावे लागले. नायकाने वकीलपत्र दिलेच नव्हते. वकील मात्र हजारो होते. स्त्रीद्वेष्ट्या संवादावर आक्षेप घेणाऱ्या बाईला त्याहून घाणेरड्या भाषेत उत्तर देऊन, तिचा आक्षेप किती खरा होता हे चाहत्यांनीच सिद्ध केले.

याच २०१७ मध्ये तिथल्या स्त्री-कलावंतांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ स्थापन केले. त्यांच्या मागणीवरून राज्य सरकारने न्या. के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल ३१ डिसेंबर २०१९ रोजी सरकारला मिळाला आणि १९ ऑगस्ट २०२४ रोजी, काही भाग वगळून, लोकांसमोर आला. साडेचार वर्षे तो बंद होता. आवडत्या नटाच्या चित्रपटाला एक दिवस उशीर झाला तर ज्यांचा संयम सुटतो, त्या संघटनांनी या साडेचार वर्षांत अहवाल उघड करा म्हणून एखादा मोर्चा काढला असता तर? ज्या उद्योगावर आपण जीव टाकतो तो उद्योग स्वच्छ असावा, ही मागणी खरे तर सर्वांत आधी चाहत्याची असायला हवी. पण चाहत्याचे प्रेम उद्योगावर नसते, कलेवरही नसते. ते एका मूर्तीवर असते, आणि मूर्तीला तडा गेला तर आपल्या आयुष्यातल्या काही सुंदर संध्याकाळी खोट्या ठरतील, ही त्याची भीती असते. तो वाचवत असतो स्वतःला.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते खरे आक्षेप आहेत.

पहिला : दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, मग चाहत्याने त्याच्या पाठीशी उभे राहण्यात गैर ते काय? तत्त्व बरोबर आहे. पण ते दोन्ही बाजूंना लागू पडते. सिद्ध होईपर्यंत तो गुन्हेगार नाही; तसेच सिद्ध होईपर्यंत तीही खोटारडी नाही. खोटी तक्रार करणे हाही गुन्हाच आहे, आणि त्याचा आरोप चाहता पहिल्याच दिवशी, कोणताही पुरावा न मागता, तिच्यावर ठेवून मोकळा होतो. ज्याला निर्दोषत्वाच्या गृहीतकाची एवढी चाड आहे, त्याने ते दोघांना सारखे वाटावे.

दुसरा : पुढे न्यायालयाने सुटका केली तर? केरळच्या प्रकरणात तसेच झाले. ८ डिसेंबर २०२५ रोजी एर्नाकुलमच्या सत्र न्यायालयाने दिलीप यांना निर्दोष मुक्त केले आणि प्रत्यक्ष अत्याचाराच्या प्रकरणात सहा जणांना दोषी ठरवले. हा निकाल दिलीप यांच्या बाजूचा आहे आणि मी तो तसाच वाचते. परंतु २०१७ मध्ये तुरुंगाबाहेर नाचणारा चाहता त्यामुळे बरोबर ठरत नाही. न्यायालयाने साक्षीपुरावे तपासून जे ठरवले, ते त्याने काहीही न पाहता ठरवले होते. उत्तर जुळले म्हणून गणित सोडवले असे होत नाही. परीक्षेत आम्ही त्याला गुण देत नाही. शिवाय त्या अभिनेत्रीवर अत्याचार झाला हे तर निकालानेच पक्के केले. तिला ज्यांनी त्या काळात दूषणे दिली, त्यांचा निकाल कुठल्या न्यायालयात लागायचा?

तिसरा आक्षेप आमच्यातलाच कोणी घेईल : तुम्ही नटांबद्दल आणि त्यांच्या उथळ चाहत्यांबद्दल बोलता, साहित्याच्या वाचकाचे तसे नसते. खरेच? २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठीय अध्यापकांवर आरोप करणारी एक यादी प्रसिद्ध झाली होती. तिच्या पद्धतीवर घेतलेले काही आक्षेप रास्त होते. तपशील नाहीत, तक्रारदार निनावी, उत्तर देण्याची सोय नाही. पण तेव्हा आमच्या अध्यापक-कक्षात ज्या चर्चा झाल्या त्या मला आठवतात. अनोळखी नावावर आम्ही “असेलही” म्हणून पुढे जात होतो. ज्यांची पुस्तके वाचून आम्ही विचार करायला शिकलो, त्यांचे नाव आले की आवाज चढत होता आणि पद्धतीचे आक्षेप आठवत होते. मीही त्यांतलीच एक होते. तुरुंगाबाहेर फटाके फोडणारा आणि अध्यापक-कक्षात कार्यपद्धतीवर व्याख्यान देणारा यांच्यात भाषेचा फरक होता, मनाचा नव्हता. प्रा. दामले नट नव्हते, हे विसरू नये. ते प्राध्यापक होते. बेणारेने पूजा केली ती त्यांच्या बुद्धीची. ती त्यांची चाहतीच होती.

मग चाहत्याने करायचे काय? कलाकृती जाळायच्या का? मुळीच नाही. आवडलेली भूमिका आवडलेलीच राहणार. ती आवडली याची लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि तिच्या आवडीतून कोणाच्या चारित्र्याची हमी देण्याचेही कारण नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे. दोन्ही निवेदने एकाच काटेकोरपणे वाचावीत. निदान तिने आधी कोणाकडे तक्रार केली होती का, एवढे तरी शोधावे. आणि तिला प्रश्न विचारण्याआधी संस्थेला विचारावेत : तक्रार कधी आली, कोणी ऐकली, त्यावर काय केले? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे. चित्रीकरणाच्या जागी, नाटक-मंडळीत, आणि हो, आमच्या विभागातही तक्रार-समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत का? हे विचारायला कोणाला दोषी ठरवावे लागत नाही. फक्त थोडी गैरसोय होते, कारण हे प्रश्न आपल्या आवडत्या माणसांनाच विचारावे लागतात.

त्या दिवशी व्हरांड्यात त्या मुलाला मी काय उत्तर दिले? काहीच नाही. मलाही तो नट फार आवडत होता. “बघू या, चौकशी होईलच,” असे काहीतरी पुटपुटून मी अध्यापक-कक्षात गेले. विषय टाळण्याची ही आमची सभ्य रीत. तासाला मी ज्या प्रश्नाने वर्ग गप्प करते, तो व्हरांड्यात माझ्याच तोंडातून निघाला नाही. यंदा नाटक शिकवायला घेतले की तो तासापुरता ठेवायचा नाही, असे ठरवले आहे. बेणारेचा खटला संपेल, पुस्तके मिटतील, मुले बाहेर येऊन आजच्या कुठल्या तरी बातमीवर बोलू लागतील, तेव्हा तिथेच उभे राहून विचारायचे आहे : दामले कुठे आहेत?